मनकवड्याच्या मनातलं

स्मरणिकेसाठी आपल्याला घडवणाऱ्या व्यक्तीवर लिही, असा संपादक मंडळाचा फोन आला. तुम्ही बहुतेकांनी आपल्या गुरुजनांवर लिहिलं असणार. मीही तिथेच पोचणार आहे, पण माझी वाट न्यूयॉर्कवरून जाते.

आधी नववीचं स्नेहसंमेलन आठवा. नाटक आणि कोळीनृत्य यांच्या मधल्या दहा मिनिटांत माझा पत्त्यांचा कार्यक्रम होता. कुणीही मनात धरलेलं पान ओळखतो, असं मी आठवडाभर वर्गात मिरवत होतो. प्रत्यक्षात पडदा उघडला, पहिल्या रांगेत मुख्याध्यापक दिसले आणि पत्ते पिसताना हात असा थरथरला की अख्खा कॅट रंगमंचभर उधळला गेला. काय हसलात तुम्ही! मी आत पळालो. विंगेत गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत आणि पाठही थोपटली नाही. भीती वाटली का रे, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं आणि तोच प्रयोग फक्त चार जणांसमोर करायला लावला. इस्पिकची राणी बरोबर निघाली. बाईंनी पुन्हा विचारलं, आज कमी वाटली का.

पुढे मुंबईत नोकरी लागली. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स. मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्या जादूगारांचं ते जवळपास पाठ्यपुस्तकच आहे. लेखक थिओडोर ॲनेमन. पुस्तक १९४४ साली निघालं, तेव्हा लेखक जाऊन दोन वर्षं झाली होती आणि जाताना त्याचं वय होतं अवघं ३४. हे कळल्यावर मी त्या माणसाच्या मागेच लागलो.

ॲनेमनचा जन्म १९०७ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या वेव्हर्लीजवळचा. सुरुवातीला तो रेल्वेत कारकून होता. मग वरच्या पट्टीत गाणारा गायक म्हणून रंगमंचावर आला, नंतर एका जादूगाराचा मदतनीस झाला आणि शेवटी स्वतःचे प्रयोग करू लागला. त्या काळी जादू म्हणजे मोठमोठ्या पेट्या, पडदे, कबुतरं आणि झगमगीत कपडे. ॲनेमनने वेगळी वाट धरली. त्याला लागायचं ते सामान शर्टाच्या खिशात मावेल एवढं: कागदाची चिठ्ठी, पेन्सिल, पाकीट आणि पत्त्यांचा एक कॅट, तोही जमल्यास प्रेक्षकाकडूनच मागून घेतलेला.

पत्त्यांची नेहमीची जादू आणि मनकवड्याची जादू यांत मोठा फरक आहे. नेहमीच्या जादूत लोक हाताच्या सफाईला दाद देतात. मनकवड्याच्या बाबतीत मात्र लोकांना हाताची आठवणही राहता कामा नये. पत्ता प्रेक्षकाने निवडायचा, प्रेक्षकानेच छातीशी धरायचा आणि जादूगाराने नुसतं समोर उभं राहून तो ओळखायचा. मधली हाताळणी जितकी जास्त, तितका संशय जास्त. म्हणून ॲनेमन प्रत्येक प्रयोगातली अनावश्यक हालचाल कापत जायचा. दुसऱ्या कुणाचा पाच पायऱ्यांचा प्रयोग त्याच्या हाती लागला की दोन पायऱ्यांचा होऊन बाहेर पडायचा.

आता यातली मेख पाहा. पेटी असली की पेटीआड लपता येतं. इथे लपायला काहीच नाही. लोक फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात आणि नेमकी याच माणसाला रंगमंचाची जबरदस्त भीती वाटायची. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

त्याचं सगळ्यात मोठं काम रंगमंचाबाहेरचं. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्याने जादूगारांसाठी एक छोटं मासिक काढलं. नाव ठेवलं द जिंक्स, म्हणजे अपशकुन! जादूगार आपली गुपितं जिवापाड जपतात, पण इथे लांबलांबचे जादूगार आपले नवे प्रयोग पाठवू लागले. ॲनेमन ते पारखायचा, सोपे करायचा आणि छापायचा. पुढे मासिकाचं साप्ताहिक झालं. डिसेंबर १९४१ पर्यंत १५१ अंक निघाले. आपलं हस्तलिखित चालवताना तीन अंकांतच आपली दमछाक झाली होती, हे आठवलं की त्या आकड्याचं वजन कळतं.

कॅनडातल्या कोर्टराइट नावाच्या लहानशा गावी राहणाऱ्या स्टुअर्ट जेम्सचा मिरास्किल हा प्रयोग १९३६ साली याच अंकांतून जगापुढे आला. घरी करून बघा. पूर्ण ५२ पानांचा कॅट कुणाकडूनही पिसून घ्या. वरून दोन दोन पानं उलटत जा. दोन्ही लाल निघाली तर एका ढिगात, दोन्ही काळी निघाली तर दुसऱ्या ढिगात आणि एक लाल एक काळं निघालं तर जोडी बाजूला. कितीही पिसा, लाल आणि काळ्या ढिगांतली पानं शेवटी सारखीच भरतात. कारण बाजूला गेलेली प्रत्येक जोडी लालातलं एक आणि काळ्यातलं एकच पान घेऊन जाते. फळ्यावर दोन ओळींत सिद्ध होईल असं हे गणित. जेम्सने त्याच्यावर एक बारीकशी करामत केली आणि कोणता रंग किती पानांनी जास्त भरेल, हे जादूगाराला आधीच चिठ्ठीत लिहून ठेवता येऊ लागलं. ती करामत मात्र सांगणार नाही. बाईंनी शोधून काढली तर गोष्ट वेगळी!

ॲनेमनचा आणखी एक प्रयोग गाजला तो बंदुकीचा. खूण केलेली गोळी प्रेक्षकाने त्याच्यावर झाडायची, तो कोसळायचा आणि मग तीच गोळी दातांत धरून उठायचा. या प्रयोगाने आधी माणसं मारलेली होती. चुंग लिंग सू हे नाव घेतलेला अमेरिकन जादूगार १९१८ साली लंडनमध्ये भर रंगमंचावर गोळी लागून गेला. पत्ते उलटतानाही ज्याच्या पोटात गोळा येत असेल, तो माणूस हे उघड्या मैदानावर करायचा.

१९४२ च्या सुरुवातीला हाच प्रयोग पहिल्यांदा बंदिस्त रंगमंचावर करायचं ठरलं होतं. त्याआधीच, १२ जानेवारीला, ॲनेमनने आपलं आयुष्य संपवलं.

माणूस एवढं टोकाचं पाऊल एकाच कारणाने उचलत नाही, म्हणून त्या प्रयोगाकडे बोट दाखवून मी मोकळा होणार नाही. पण मला राहून राहून एक वाटतं. हजारो लोकांच्या मनातलं ओळखून दाखवणारा हा माणूस, त्याच्या मनात काय चाललंय हे विचारायला विंगेत कुणी उभं होतं का?

त्याचं काम मात्र थांबलं नाही. त्याच वर्षी ब्रूस इलियट आणि वॉल्टर गिब्सन यांनी द फिनिक्स नावाचं नवं नियतकालिक काढलं. जिंक्समधले मनकवडेपणाचे निवडक प्रयोग एकत्र करून फुटपाथवर मला सापडलेलं ते पुस्तक तयार झालं. आजही मनकवडेपणा शिकणारा जादूगार कधी ना कधी त्या पानांपाशी येतोच.

मी जादूगार झालो नाही. मुलांचे वाढदिवस, ऑफिसातली पार्टी, कधी शेजारच्या आजोबांच्या उशाशी बसून दोन प्रयोग, इतकंच. हात अजूनही थरथरतो. फरक एवढाच की आता मी ते आधीच सांगून टाकतो. समोरचे हसतात, मीही हसतो आणि मग पान बरोबर निघतं. ही युक्ती ॲनेमनच्या पुस्तकात नाही, ती आपल्या शाळेच्या विंगेतली आहे.

मेळाव्याला कॅट घेऊन येतोय. बाई येणार आहेत असं कळलंय. प्रयोग त्यांच्यासमोर करणार आहे आणि नववीत राहून गेलेली दहा मिनिटं संयोजकांकडून वसूल करणार आहे. जेवणाच्या रांगेत भेटलात, की कसा आहेस एवढ्यावर सोडू नका. एकदा विचारून झालं तरी दुसऱ्यांदा विचारा. मीही विचारेन.