दिवा राहू द्या, तिची वही बघा

शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये दरवर्षी एक तरी मुलगी पांढरी टोपी घालून, हातात कंदील घेऊन स्टेजवर यायची, आठवतंय? फ्लॉरेन्स नाइटिंगेल. रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका. एवढ्याच ओळखीवर आपण दहावी पास झालो. पण हिशोब करून बघा. युद्धाच्या रुग्णालयात ती होती जेमतेम पावणेदोन वर्षं. त्यानंतर ती तब्बल 54 वर्षं जगली. या 54 वर्षांत तिच्या हातात दिवा नव्हता. आकड्यांच्या वह्या होत्या, आणि त्यातले बरेचसे आकडे सरकारी होते.

तिचा जन्म 12 मे 1820 चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. शहराचंच नाव मुलीला ठेवलं. घर श्रीमंत इंग्रज. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची ओढ. चांगल्या घरातल्या मुलीनं लग्न करावं, पाहुण्यांची सरबराई करावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा. हिला रुग्णसेवा करायची होती, आणि त्या काळी ते काम हलकं समजलं जायचं. घरच्यांशी अनेक वर्षं वाद घालून 1851 मध्ये ती जर्मनीतल्या कैसर्सवर्थला काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेली. 1853 मध्ये लंडनला स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. म्हणजे तिचं करिअर उशिराच सुरू झालं. तिसऱ्या वर्षाला येऊनही पुढे काय करायचं ते ठरत नसेल, तर हे लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियन युद्धात उतरलं. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या आणि लोक चिडले. मंत्री सिडनी हर्बर्ट तिच्या ओळखीचे. त्यांच्या सांगण्यावरून 38 जणींची तुकडी घेऊन ती नोव्हेंबर 1854 मध्ये इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोचली. तिथली एक भलीमोठी बराक रुग्णालय म्हणून वापरली जात होती. माणसं जमिनीवर पडलेली, कपडे नाहीत, धड जेवण नाही, आणि इमारतीखालची गटारं तुंबलेली. तिने स्वयंपाकघर उभं केलं, धुलाई सुरू केली, सामान मागवलं. तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी 1855 मध्ये तर दाखल रुग्णांपैकी 42 टक्क्यांहून जास्त दगावले.

मार्चमध्ये सरकारनं पाठवलेलं स्वच्छता आयोगाचं पथक आलं. त्यांनी गटारं उपसली, पाण्याची सोय सुधारली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास आलं.

इथे आपला धडा संपतो. तिची खरी गोष्ट इथून सुरू होते.

1856 मध्ये ती परत आली, तेव्हा सगळा देश तिला डोक्यावर घेऊन नाचत होता. तिच्या डोक्यात एकच विषय, इतकी माणसं मेली कशानं? स्कुटारीत मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या जायच्या आणि तिन्हींचे आकडे जुळत नव्हते. ज्या लष्कराला आपली किती माणसं मेली हेच नीट सांगता येत नाही, ते लष्कर सुधारणार कसं?

मग तिची गाठ पडली विल्यम फार यांच्याशी. इंग्लंडमध्ये 1837 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली होती. त्या कार्यालयात बसून कोण, कुठे, कितव्या वर्षी, कशानं मेलं याचं वर्गीकरण करण्याचं काम फार करत. लंडनच्या कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी पाण्याचा माग काढला, तोही याच कार्यालयाच्या नोंदी हाताशी घेऊन. फार यांची पद्धत ऐकायला सोपी होती. किती मेले, एवढ्यावर थांबायचं नाही. किती जणांपैकी मेले, आणि त्याच वयाच्या इतर लोकांत किती मरतात, हे विचारायचं.

दोघांनी लष्कराचे आकडे या चाळणीतून काढले. युद्धात ब्रिटिश सैन्यातले सुमारे 16 हजार जण रोगांनी गेले होते. लढाईत आणि जखमांनी मेलेले सगळे मिळून पाच हजारांच्या आत. त्याहून धक्कादायक आकडा शांततेच्या काळातला. इंग्लंडमधल्या बराकींत राहणारे तरुण, निवडून घेतलेले धट्टेकट्टे सैनिक त्याच वयाच्या सामान्य नागरिकांपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होते. दरवर्षी 1100 सैनिक मैदानात उभे करून गोळ्या घालाव्यात तसंच हे आहे, असा हिशोब तिने मांडला.

आणि एक आकडा तिला स्वतःला लागणारा होता. स्कुटारीचं, म्हणजे तिचं स्वतःचं रुग्णालय मृत्यूंमध्ये सगळ्यात वर होतं. माणसं उपाशी आणि उशिरा आणली जातात म्हणून मरतात, असं तिला तिथे असताना वाटत होतं. आता आकडे सांगत होते की रुग्णालयाची घाण हेच मोठं कारण होतं. काही इतिहासकारांच्या मते हा धक्का तिच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. जरा तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. देश तुमची आरती ओवाळतोय, आणि तुमच्या टेबलावर असा कागद आहे. तुम्ही तो ड्रॉवरमध्ये टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं.

तिने तो छापला. 1858 मध्ये तिने लष्कराच्या आरोग्यावर जाडजूड अहवाल तयार केला आणि त्यात तिचा तो प्रसिद्ध ग्राफ घातला. गोल चक्र, त्याच्या बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका महिन्याची. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांच्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी 1855 ची निळी पाकळी एवढी मोठी की बाकीचं चक्र तिच्यापुढे किरकोळ वाटतं. मंत्री आणि अधिकारी तक्ते वाचत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बघताक्षणी कळेल असं चित्र. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली स्त्री.

परिणाम झाला. बराकी सुधारू लागल्या, लष्करात आकडेवारीचा स्वतंत्र विभाग आला, लष्करी डॉक्टरांसाठी वेगळं विद्यालय निघालं. हे सगळं ती बहुतेक अंथरुणावरून करत होती. क्रिमियात जडलेल्या तापानं तिचं शरीर कायमचं खचलं होतं.

मग आला भारत. 1859 मध्ये भारतातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी राजकीय आयोग नेमला गेला. तिने प्रश्नावली तयार करून इथल्या छावण्यांकडे पाठवली. पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठे जातं? माणसं किती दाटीवाटीनं राहतात? उत्तरांचे गठ्ठे लंडनला गेले आणि 1863 मध्ये दोन हजारांहून जास्त पानांचा अहवाल निघाला. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी 69 होता. दहा वर्षांत तो हजारी 18 वर आला.

इथे तुम्ही विचारायला हवं, आणि भारतीयांचं काय? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीची ही सगळी मोजणी प्रामुख्यानं गोऱ्या सैनिकांसाठी होती. पण छावणीबाहेरचं गाव आजारी असेल तर छावणी निरोगी राहत नाही, हे आकड्यांतूनच तिच्या लक्षात आलं. पुढे ती गावांची स्वच्छता, सिंचन, दुष्काळ यांवर लिहू लागली. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही गावच्या स्वच्छतेबद्दल तिचा पत्रव्यवहार झाला. भारतात मात्र ती कधीच आली नाही.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रोगजंतूंचा सिद्धान्त तिला बरीच वर्षं पटला नव्हता. सगळंच जमलं असंही नाही. 1861 च्या जनगणनेत घरोघरच्या आजारी माणसांची आणि घरांच्या अवस्थेची नोंद घ्यावी म्हणून तिने आटापिटा केला. सरकारनं ऐकलं नाही. तिच्या निधीतून लंडनच्या एका रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी वॉर्ड सुरू झाला होता. तिथे बाळंतिणी तापानं जाऊ लागल्या आणि 1867 मध्ये तो बंद झाला. इथेही तिने हात झटकले नाहीत. ठिकठिकाणचे आकडे जमवले आणि 1871 मध्ये पुस्तक काढलं. निष्कर्ष असा, की त्या काळच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरातलं बाळंतपण सुरक्षित होतं. म्हणजे स्वतःच्याच कामाविरुद्धचा पुरावा तिने दुसऱ्यांदा जगासमोर ठेवला.

सत्तरी ओलांडल्यावर, 1891 मध्ये, तिने शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्यामागे लकडा लावला. ऑक्सफर्डमध्ये समाजाच्या प्रश्नांसाठी आकडेवारी शिकवणारं प्राध्यापकपद हवं. तिची तक्रार अशी, की सरकारी खात्यांत आकडे ढिगानं जमतात, पण राज्य चालवणाऱ्यांना ते वापरायला कुणी शिकवलेलंच नसतं. ते पद काही निर्माण झालं नाही. 13 ऑगस्ट 1910 ला, नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीतलं दफन घरच्यांनी नाकारलं. गावच्या दफनभूमीतल्या तिच्या दगडावर नावाची फक्त आद्याक्षरं आहेत.

कोविडच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचे ते आकडे आठवा. घरात कुणी तरी म्हणायचं, आज एवढे वाढले, आणि आपण चॅनल बदलायचो. पुढच्या वेळी डेंग्यूचा, कुपोषणाचा किंवा बालमृत्यूचा असा आकडा समोर आला, की तिचे प्रश्न विचारून बघा. किती जणांपैकी? शेजारच्या जिल्ह्यात किती? मागच्या वर्षी किती? आणि यातले किती टाळता आले असते? उत्तर आपल्याच कॉलेजच्या, आपल्याच वॉर्डाच्या विरोधात गेलं, तरी कागद ड्रॉवरमध्ये टाकू नका.