रोम ते मॉस्को : डॉ. करणीसिंह यांची वीस वर्षांची नेमसाधना

बंगळुरू : बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर संस्थानी काळात हिवाळी शिकारींचे मेळावे भरत. महाराजा गंगासिंह यांच्या निमंत्रणावरून व्हाइसरॉय आणि युरोपातील पाहुणे तेथे येत. दिवस मावळला की कोणी किती पक्षी टिपले याची मोजदाद होई आणि त्या आकड्यावर पाहुण्याची ख्याती ठरे. त्याच घराण्यात 21 एप्रिल 1924 रोजी जन्मलेल्या करणीसिंह यांनी बंदूक हाती धरली ती याच वातावरणात. पुढे मात्र त्यांनी असा खेळ निवडला की ज्यात मोजदादीकडे लक्ष गेले तर नेम चुकतो.

त्यांचे शिक्षण दिल्लीचे सेंट स्टीफन्स आणि मुंबईचे सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत झाले. दुसऱ्या महायुद्धात आजोबांसमवेत ते मध्यपूर्वेच्या आघाडीवर जाऊन आले. 1944 मध्ये डुंगरपूरच्या राजकन्या सुशीलाकुमारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात पुढे मान्यता पावलेले राजसिंह डुंगरपूर हे त्यांचे मेहुणे. 1950 मध्ये वडील सादुलसिंह यांच्या निधनानंतर करणीसिंह बिकानेरचे महाराजा झाले. संस्थान तोवर भारतात विलीन झालेले होते. 1952 पासून 1977 पर्यंत ते बिकानेरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून येत राहिले. बिकानेर घराण्याच्या केंद्रीय सत्तांशी असलेल्या संबंधांवर प्रबंध लिहून त्यांनी 1964 मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या नावामागील डॉक्टर ही उपाधी मानद नव्हे.

त्यांचा खेळ होता ट्रॅप, म्हणजे हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या दुनळी बंदुकीने फोडण्याचा. नेमबाजापुढे 15 मीटरवर जमिनीखाली यंत्रे दडलेली असतात. त्याने आवाज दिला की सुमारे 11 सेंटिमीटर व्यासाची चकती ताशी जवळपास 100 किलोमीटर वेगाने दूर झेपावते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे त्याला आधी ठाऊक नसते. बार काढायला एक सेकंदही मिळत नाही. बंदुकीच्या टोकाकडे पाहणारा चुकतो. नजर चकतीवर आणि गाल दस्त्यावर टेकलेला, एवढेच त्याच्या हाती असते. मागची चकती सुटल्याची खंत किंवा पुढच्या पंचविसाचा हिशेब मनात शिरला, तर हात क्षणभर थबकतो आणि तेवढ्यात चकती टप्प्याबाहेर जाते. म्हणून या खेळाचा सराव म्हणजे मुख्यतः एकाच क्रमाची पुनरावृत्ती : पायांची ठेवण, श्वास, बंदूक खांद्याला लावणे, आवाज, नजर. चकती फुटो वा न फुटो, पुढच्या जागेवर जाऊन तोच क्रम पुन्हा पहिल्यापासून.

नेमबाजी आता संस्थानिकांची उरलेली नाही. दहा मीटरच्या एअर रायफलला एखादे बंदिस्त दालन पुरते. त्यामुळे सर्जापूर रोडसारख्या सदनिकांच्या आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या भागात वाढणारी, नोकरीनिमित्त तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलेही या खेळाकडे वळू शकतात. तेथे अडचण उलटी आहे. प्रत्येक गोळीनंतर समोरच्या पडद्यावर दशांशापर्यंतचे गुण झळकतात आणि डोळे त्यांनाच चिकटतात. पडदा झाकून किंवा कोऱ्या लक्ष्यावर गोळ्या झाडून सराव करून घेण्याची रीत प्रशिक्षकांत आहे ती त्याचसाठी. पालकांना ती पटायला वेळ लागतो, कारण घरी विचारला जाणारा पहिला प्रश्न गुणांचाच असतो.

करणीसिंह यांच्या कारकिर्दीचा हिशेब केवळ ऑलिम्पिकच्या गुणांवर मांडला, तर तो निराशेचा ठरेल. 1960 मध्ये रोम येथे ते आठवे आले. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले नेमबाज ठरले. 1962 मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांची आणि सोव्हिएत संघाच्या झिमेन्को यांची बरोबरी झाली. निर्णायक फेरीत करणीसिंह मागे पडले आणि सुवर्ण हुकून रौप्य हाती आले. त्यावेळी ते 38 वर्षांचे होते. जागतिक उपविजेता म्हणून ते 1964 मध्ये टोकियोला गेले, तेव्हा पदकाची अपेक्षा असणे साहजिक होते. तेथे ते बरेच खाली घसरले. मेक्सिकोत दहावे आले, म्युनिकमध्ये पुन्हा मागे राहिले.

अशा चढउतारानंतर, घरात वैभव आणि संसदेत जागा असलेल्या माणसाने बंदूक भिंतीवर टांगली असती तर कोणी आश्चर्य केले नसते. ते मैदानावर टिकून राहिले. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. त्याच वर्षी सोल येथील आशियाई नेमबाजी स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. 1974 मध्ये तेहरानच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत वैयक्तिक रौप्य मिळाले. राष्ट्रीय विजेतेपद तर त्यांनी अनेक वर्षे आपल्याकडेच ठेवले. त्यांची कन्या राज्यश्रीकुमारी याही नेमबाज झाल्या आणि 1968 मध्ये त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. एका घरात हा मान दोनदा येण्यामागे साधनांची अनुकूलता होती, हे खरेच. काडतुसांचा खर्च तेव्हा सामान्य घराच्या आवाक्यातला नव्हता. साधने मात्र इतरही संस्थानिकांकडे होती.

1980 मध्ये मॉस्कोला ते पाचव्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचे वय 56 होते. पदक याही वेळी आले नाही. त्यानंतर लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी कैरोचे किंवा सोलचे नाव दिले नाही. ज्या दोन ऑलिम्पिकमधून ते रिकाम्या हाती परतले, त्यांचीच नावे शीर्षकात आली : 'फ्रॉम रोम टू मॉस्को'.

1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत तुघलकाबाद येथे नवे नेमबाजी संकुल उभे राहिले. 58 व्या वर्षी करणीसिंह भारतीय ट्रॅप संघातून खेळले आणि संघाने रौप्य मिळवले. 6 सप्टेंबर 1988 रोजी त्यांचे निधन झाले. तुघलकाबादचे ते संकुल आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.