ब्रेक नसलेल्या वाटेवरचा जोडीदार

नवीन पनवेलच्या स्थानकाबाहेर रोज सकाळी दुचाकींची जी दाटी होते, तिच्यातील प्रत्येक चालक निघण्यापूर्वी नकळत एकदा ब्रेक दाबून पाहतो. लोकल गाठण्याची कितीही घाई असली तरी ही सवय सुटत नाही. मोटारसायकलचा ब्रेक मुळातच काढून टाकायचा, गिअर एकच ठेवायचा आणि वळणावर वेग कमी करण्याऐवजी वाढवायचा, ही कल्पना त्या गर्दीला वेडेपणाचीच वाटेल. युरोपातील लक्षावधी प्रेक्षकांनी मात्र या वेडेपणावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केले. स्पीडवे हे त्या खेळाचे नाव आणि स्वीडनचा टॉमी यान्सन हा त्या खेळातील एक लखलखता, फार लवकर विझलेला तारा.

या खेळाची भारताशी नाळ अगदीच जुळत नाही असे नाही. मुंबईच्या इराणी कुटुंबाने 1961 मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून ज्या ‘जावा’ गाड्या बाहेर काढल्या आणि ज्या पुढे ‘येझदी’ या नावाने महाराष्ट्राच्या गावागावांत धडधडल्या, त्याच चेकोस्लोव्हाक कंपनीची स्पीडवे मोटारसायकल साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या धावपट्ट्यांवर राज्य करीत होती. येझदीशी तिचे साम्य नावापुरतेच. पाचशे सीसीचे एकच सिलिंडर, इंधन म्हणून पेट्रोलऐवजी मिथेनॉल, वजन जेमतेम ऐंशी किलोच्या आसपास. धावपट्टी लंबवर्तुळाकार आणि भुसभुशीत. चार स्वार एकाच वेळी सुटतात, घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात आणि साधारण मिनिटभरात सारे आटोपते. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरू देतो, डावा पाय जमिनीवर टेकवतो आणि पुढचे चाक वळणाच्या विरुद्ध दिशेला फिरवून गाडी तिरकी सरकवत नेतो. त्या डाव्या बुटाला म्हणूनच पोलादी तळ लावलेला असतो.

यान्सनचा जन्म 2 ऑक्टोबर 1952 चा. घरात हा खेळ आधीपासून होता. वडील योएल हे स्वतः स्पीडवेचे स्वार आणि भाऊ बो हाही त्याच वाटेने गेलेला. त्या काळचा स्वीडन हा या खेळातील बलाढ्य देश होता. ओव्हे फुन्दिन याने 1956 ते 1967 या काळात पाच वेळा वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवून देशातील मुलांपुढे एक उंच शिडीच उभी करून ठेवली होती. त्या शिडीवर चढू पाहणारे पुष्कळ होते. यान्सन त्यांतला वयाने लहान, पण लवकर नजरेत भरलेला. एस्किल्स्तुना हे स्वीडनमधील पोलादाच्या आणि चाकू-कात्र्यांच्या उद्योगाचे गाव. तेथील क्लबचे नावच ‘स्मेदेर्ना’, म्हणजे लोहार मंडळी. या लोहारांच्या संघातून यान्सन शर्यती करू लागला आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभीच लंडनच्या विम्बल्डन क्लबने त्याला उचलले.

विम्बल्डन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवळ आणि पांढरे कपडे येतात. त्याच उपनगरात प्लाऊ लेन येथे श्वानशर्यतींचे एक मैदान होते आणि तेथे मिथेनॉलचा वास व चिखलाचे फवारे यांची एक निराळीच दुनिया नांदत होती. न्यूझीलंडचा रॉनी मूर याने 1954 आणि 1959 ची जगज्जेतेपदे या क्लबचा स्वार असतानाच जिंकली. मोठ्या विश्रांतीनंतर तो परतला आणि 1970 मध्ये माल्मो येथे आयव्हन मॉगरच्या साथीने आणखी एका किताबाचा धनी झाला. जागतिक जोडी अजिंक्यपदाची ही पहिली अधिकृत स्पर्धा. 1968 आणि 1969 मध्ये ती अनधिकृतपणे घेऊन पाहिली गेली होती आणि आता तिला आंतरराष्ट्रीय मान्यतेचे शिक्कामोर्तब झाले होते. यान्सनचे नाव ज्या स्पर्धेशी कायमचे जोडले गेले ती हीच.

जोडीची शर्यत वरवर पाहता सोपी वाटते. अंतिम फेरीत सात जोड्या, प्रत्येक जोडीची दुसऱ्या प्रत्येक जोडीशी एक गाठ, म्हणजे एकूण एकवीस शर्यती. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य. खरी गंमत या साध्या आकडेमोडीत दडलेली आहे. एका जोडीचा एक स्वार पहिला आला आणि दुसरा शेवटी राहिला, तर तिचे गुण तीन. प्रतिस्पर्धी जोडी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर आली तर तिचेही तीनच. म्हणजे जिंकणारा एकटा कितीही पुढे निघून गेला तरी त्याच्या देशाच्या पदरात बरोबरीच पडते. पहिले दोन्ही क्रमांक मिळाले तरच पाचास एक असा घसघशीत लाभ होतो. त्यासाठी पुढे असलेल्या स्वाराला आपला वेग आवरून मागे वळून पाहावे लागते, जोडीदाराला आतली वाट मोकळी करून द्यावी लागते आणि मागून येणाऱ्याला बाहेरच्या कुंपणाकडे रेटत न्यावे लागते. हे सारे ब्रेक नसलेल्या गाडीवर, कोपराला कोपर घासत. एरवी एकेकट्याने जिंकण्याची सवय अंगी मुरलेल्या स्वारांची येथे कसोटी लागते. नामवंतांच्या जोड्या येथे फसल्या, यात नवल नाही.

स्वीडनची जोडी फसली नाही. आन्देर्स मिखानेक हा 1943 चा, म्हणजे यान्सनहून नऊ वर्षांनी मोठा, अनुभवाने पक्का आणि ऐन भरात असलेला. 1973 मध्ये स्वीडनमधील बुरोस येथे अंतिम फेरी झाली, तेव्हा यान्सनने विशीही पुरती ओलांडली नव्हती. मिखानेक-यान्सन जोडीने घरच्या प्रेक्षकांसमोर जगज्जेतेपद पटकावले. मुंबईतला या वयाचा मुलगा तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाची तयारी करीत असतो.

पुढच्या वर्षी स्पर्धा मँचेस्टरला होती. स्वीडनने मिखानेकच्या जोडीला सोरेन शोस्तेन याला उतरवले. वर्षानुवर्षे मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबकडून खेळलेल्या शोस्तेनला तेथील धावपट्टीचा कण न् कण ठाऊक होता. ही जोडीही जिंकली. यान्सनसाठी ते वर्ष उपेक्षेचे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच 1974 मध्ये मिखानेकने गोथेनबर्गच्या उलेवी मैदानावर पाचपैकी पाचही शर्यती जिंकून वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले. अशा स्वाराच्या बाजूची जागा मिळवायची तर ती दर वर्षी नव्याने कमवावीच लागणार होती.

यान्सनने ती कमावली. 1975 ची अंतिम फेरी पोलंडमधील व्रोत्स्वाफला होती. स्पीडवे पोलंडमध्ये जवळजवळ राष्ट्रीय खेळाच्या तोलाचा. मैदाने तुडुंब भरलेली, आणि समोर एडवर्ड यान्तसाश व प्योत्र ब्रुझ्दा ही यजमानांची जोडी. एवढ्या दडपणाखाली मिखानेक आणि यान्सन पुन्हा पहिले आले आणि पोलंडला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. बुरोसच्या विजयात अनुभवी सोबत्याचा वाटा मोठा होता, असे म्हणायला जागा होती. व्रोत्स्वाफनंतर ती उरली नाही. दोन जगज्जेतेपदे गाठीशी असलेला हा बावीस वर्षांचा तरुण आता विम्बल्डनचा आघाडीचा स्वार होता. वैयक्तिक जगज्जेतेपद तेवढे बाकी होते, आणि स्पीडवेच्या हिशेबाने त्याची भराची वर्षे अजून यायची होती. मिखानेकला तो किताब एकतिसाव्या वर्षी मिळाला होता.

20 मे 1976, गुरुवार. स्टॉकहोममधील गुबेंगेन येथील मैदानावर त्या वर्षीच्या वैयक्तिक जागतिक स्पर्धेची पात्रता फेरी सुरू होती. याच वाटेने पुढे जाऊन अंतिम फेरी गाठायची होती. तेथे झालेल्या अपघातात यान्सनचा मृत्यू झाला. त्याचे वय तेवीस. त्या काळी वळणांवरची कुंपणे कठीण असत. आघात झेलणाऱ्या, हवा भरलेल्या गाद्यांची कुंपणे प्रमुख मैदानांवर यायला आणखी कित्येक वर्षे लागणार होती. दोन वेळचा जगज्जेता पीटर क्रेव्हन 1963 मध्ये असाच धावपट्टीवरील अपघातानंतर गेला होता, आणि न्यूझीलंडचा गॅरी पीटरसन यान्सनच्या आधी अवघ्या काही महिन्यांपूर्वी, 1975 च्या ऑक्टोबरात.

नियतीचा क्रूरपणा पाहा. 1976 ची जागतिक जोडी अजिंक्यपदाची अंतिम फेरी नेमकी एस्किल्स्तुनाला, यान्सनच्या लोहारांच्या गावी, ठरलेली होती. घरच्या धावपट्टीवर घरचाच जगज्जेता किताब राखायला उतरणार, याची वाट पाहणाऱ्या त्या गावाने ती स्पर्धा त्याच्याविना पाहिली. इंग्लंडचे जॉन लुईस आणि माल्कम सिमन्स विजेते ठरले. स्वीडनच्या हातून किताब गेला आणि पुढची दोन वर्षेही तो इंग्लंडकडेच राहिला.

विम्बल्डनने पुढच्या हंगामात एक नवा परदेशी स्वार आणला. व्रोत्स्वाफला यान्सनने ज्याला मागे टाकले होते, तोच एडवर्ड यान्तसाश. पोलंडमध्ये त्याचे नाव आज एका मैदानाला आहे. यान्सनच्या नावाने एस्किल्स्तुनात स्मृतिशर्यती होत राहिल्या. जोडीची स्पर्धा 1993 पर्यंत चालली, मग सांघिक स्पर्धेत विरली आणि 2018 मध्ये ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ या नावाने पुन्हा अवतरली. प्लाऊ लेनची धावपट्टी 2005 च्या हंगामानंतर शांत झाली, पुढे श्वानशर्यतीही थांबल्या आणि जुने मैदान पाडण्यात आले. 2020 च्या नोव्हेंबरपासून त्या जागी विम्बल्डनचा फुटबॉल संघ आपले सामने खेळतो.