मजूर पक्ष काढणारे बाबासाहेब भंडाऱ्यातून का हरले?

संविधान लागू होऊन चार वर्षं झाली होती. ते लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी भंडाऱ्यातून उभे होते. साल 1954. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि गोंदिया याच जिल्ह्यात. धान, विडी आणि मँगनीजच्या खाणी, म्हणजे कष्टकऱ्यांचा मुलूख. तरी बाबासाहेब हरले.

का? त्यासाठी 1936 मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचा पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्यांना काम मिळत नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. कामगार संघटना यावर फारसं बोलत नव्हत्या. जात आणि भांडवल या दोघांशी एकदम लढणारा पक्ष हवा, हे त्यामागचं गणित होतं.

1937 मध्ये मुंबई प्रांतात पक्षाचे 17 पैकी 14 उमेदवार निवडून आले. पुढच्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं. 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेब आणि कम्युनिस्टांनी मिळून संप केला. कायदा मात्र झालाच.

1942 मध्ये क्रिप्स मिशन आलं. ब्रिटिश बोलणी करत होते ती जात-धर्माच्या प्रतिनिधींशी. मजुरांच्या पक्षाला तिथे जागा नव्हती. त्याच वर्षी नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि मजूर पक्ष मागे पडला. कामगारांचा प्रश्न मात्र बाबासाहेबांनी सोडला नाही. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि 1946 मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला.

आता परत निवडणुकीकडे. 1952 ला समाजवाद्यांशी युती करून बाबासाहेब उत्तर मुंबईतून लढले. सोबत होते कामगार नेते अशोक मेहता. दोघंही पडले.

दोन वर्षांनी भंडाऱ्यात पुन्हा हेच दोघं रिंगणात होते. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी मत सगळेच देतात. दुसरं मत वाया घालवलं तर आपला उमेदवार पुढे जातो, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला होता. बाबासाहेबांनी तो नाकारला, असं सांगितलं जातं.

निकालात सर्वसाधारण जागेवर मेहता जिंकले. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना सुमारे 8 हजार मतांनी हरवलं. त्याच मतदारांनी समाजवादी नेत्याला लोकसभेत पाठवलं, पण मजूर पक्षाच्या संस्थापकाला नाही. 1936 मध्ये गिरणीत दिसलेली भिंत 18 वर्षांनी मतपेटीतही उभी होती, असा याचा अर्थ लावला जातो.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेत ते कधीच पोहोचले नाहीत.