आंधळ्या सुईला दृष्टी देणारे इयन डोनाल्ड

पोटातील गाठीवर हात ठेवून डॉक्टरांनी अंदाज बांधावा आणि ती खरोखर कशाची आहे हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळावे, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिती होती. गर्भजल तपासण्यासाठी सुई घालावी लागे, तीही हाताच्या अंदाजानेच. वारेला किंवा बाळाला ती लागणार नाही याची शाश्वती कोणी देऊ शकत नसे. हा अंधार दूर करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इयन डोनाल्ड.

डोनाल्ड यांचा जन्म 27 डिसेंबर 1910 रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. वडील आणि आजोबा दोघेही डॉक्टर. कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेल्याने त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण केप टाऊनला झाले. पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. दुसऱ्या महायुद्धात ते शाही हवाई दलात होते. जळत्या विमानातून सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. त्याच काळात रडार आणि सोनार या यंत्रणांशी त्यांचा परिचय झाला. पाण्याखालची पाणबुडी प्रतिध्वनीवरून हुडकता येते, तर शरीरातील गाठ का नाही, हा विचार पुढे त्यांच्या मनात मूळ धरून राहिला.

1954 मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. जहाजबांधणी आणि अवजड यंत्रांचे ते शहर. तेथील कारखान्यांत धातूमधील तडे शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे वापरली जात. 21 जुलै 1955 रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्र्यू येथील बाष्पक-कारखान्यात पोहोचले. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही होता. घट्ट गाठीचा आणि द्रवाने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगवेगळा उमटला. जे हवे होते ते त्यांना मिळाले.

टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकार हे सहकारी डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रारंभीच्या यंत्राच्या पडद्यावर केवळ उंचसखल रेषा दिसत. ब्राऊन यांनी त्या प्रतिध्वनींपासून आडवा छेद दाखविणारे चित्र तयार करणारे यंत्र उभारले. सहकाऱ्यांतील थट्टा मात्र थांबली नव्हती. अशातच एक स्त्री समोर आली. पोट फुगलेले, जठराच्या कर्करोगाचे निदान, आशा सुटलेली. डोनाल्ड यांच्या यंत्राने तेथे द्रवाने भरलेली प्रचंड गाठ दाखविली. ती बीजांडकोशाची निघाली, काढता आली आणि बाई वाचली. 7 जून 1958 रोजी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि थट्टेची जागा कुतूहलाने घेतली.

भरलेल्या मूत्राशयातून पाहिल्यास अगदी आरंभीचा गर्भही दिसतो, हे डोनाल्ड यांनी 1963 मध्ये दाखविले. वार कोठे चिकटली आहे हेही प्रतिध्वनीवरून ठरवता येऊ लागले, तेव्हा सुईची वाट सुरक्षित होण्याचा पाया घातला गेला. 1972 मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष प्रतिमेच्या आधारे गर्भजलात सुई नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

तरीही एक अडचण उरली. सपाट चित्र म्हणजे शरीराचा एक पातळ छेद. सुई त्या पातळीतून किंचित कलली, तरी तिचे टोक दिसेनासे होते. अनेक छेद एकत्र जुळवून घनाकृती उभी केली, तर तीच सुई एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी पाहता येते. टॉम ब्राऊन यांनी 1970 च्या दशकातच त्रिमितीय यंत्र बनविले होते. परंतु व्यवसायात ते टिकले नाही. ती कल्पना रुळण्यासाठी वेगवान संगणकांची वाट पाहावी लागली.

डोनाल्ड यांना दीर्घकाळ हृदयविकाराने ग्रासले होते. मोठ्या शस्त्रक्रिया सोसूनही ते काम करीत राहिले. मनाला अधिक बोचणारे दुःख वेगळे होते. श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या डोनाल्ड यांनी ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्याला उघड विरोध केला. गर्भ दाखविण्यासाठी घडविलेली दृष्टी गर्भ नाकारण्याच्या कामी येते, हे त्यांना असह्य होते. त्यांच्या भूमिकेशी मतभेद असू शकतात. परंतु ज्ञानाचा वापर निर्मात्याच्या हाती राहत नाही, हे आपल्याकडेही कटुपणे सिद्ध झाले. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राला 1988 मध्ये देशातील पहिला कायदा करावा लागला आणि 1994 मध्ये केंद्राने देशव्यापी कायदा केला.

1976 मध्ये निवृत्त झालेले डोनाल्ड 19 जून 1987 रोजी निवर्तले. आज गाठीतून नमुना घेताना किंवा शिरेत सुई नेताना डॉक्टरांची नजर पडद्यावर असते. त्या नजरेमागे गाठी घेऊन कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या प्राध्यापकाचे धाडस आहे.