डॉ. होमी भाभा : भट्टी बंद केली तरी

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझं गाव कळंब. शेजारी वालचंदनगर. तिथल्या कारखान्यात अणुभट्ट्यांसाठी अवजड यंत्रसामग्री बनते, हे लहानपणापासून ऐकत आले. पण अणुभट्टी आपल्याकडे आणली कोणी, हे इंजिनिअरिंगला येईपर्यंत मी कधी विचारलंच नाही.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी केंब्रिजला मेकॅनिकल केलं (इथपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणांची स्टोरी सेम!), फर्स्ट क्लास मिळवला आणि मग आवडीच्या फिजिक्सकडे वळले. १९३९ साली सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ ला टीआयएफआर, १९४८ ला अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद.

४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला 'अप्सरा' सुरू झाली. इंधन ब्रिटनचं, बाकी काम आपल्या लोकांचं. पाण्याच्या हौदात बुडवलेली, जेमतेम १ मेगावॉटची भट्टी. हा हौद महत्त्वाचा. कारण अणुभट्टी बंद केली तरी लगेच थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात, सुरुवातीला मूळ उष्णतेच्या साधारण ६ ते ७ टक्के. अप्सरेत ती हौदातच जिरायची. मोठ्या भट्टीत मात्र पाणी फिरतं ठेवावंच लागतं. २०११ साली फुकुशिमात त्सुनामीने जनरेटर बुडवले आणि बंद केलेल्या भट्ट्यांमधलंसुद्धा इंधन वितळलं.

धोका भाभांना ठाऊक होता. कामगाराला किंवा बाहेरच्या कोणालाही इजा होता कामा नये, इतरांनी कित्ता गिरवावा असं काम पाहिजे, असं परिपत्रकच त्यांनी १९६० साली काढलं. तरी एक गोष्ट मला खटकते. आयोगाचे अध्यक्ष तेच, खात्याचे सचिवही तेच. म्हणजे भट्टी बांधणारा आणि तपासणारा एकच. वर्कशॉपमध्ये आपला जॉब आपणच पास करत नाही ना? वेगळं नियामक मंडळ नेमलं गेलं १९८३ साली, तेही त्याच आयोगाला उत्तर देणारं.

तारापूरसाठी त्यांनी अमेरिकन भट्ट्या निवडल्या, उकळत्या पाण्याच्या; फुकुशिमाच्याही त्याच प्रकारच्या. तारापूर १९६९ ला सुरू झालं. भाभांनी ते पाहिलं नाही. व्हिएन्नाला मीटिंगला निघालेले असताना २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय ५६.