विश्लेषण : अधू पायाचे महादजी शिंदे ३३ वर्षे घोडदळाचे सरदार कसे राहिले?

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. उंट, गाढवे, कुत्री, गाई-बैल असे सगळे तिथे विकायला येते, पण गर्दी खेचतो तो घोडेबाजार. अबलख, कुमेत, पंचकल्याण असे रंग सांगून बोली लागते. जाणकार गिऱ्हाईक मात्र रंगाला भुलत नाही. तो आधी दात पाहून वय ताडतो, मग चारही पायांवरून हात फिरवतो आणि जनावर चालवून, पळवून पाहतो. पायात खोट निघाली की सौदा मोडला.

मराठ्यांच्या इतिहासात पायात खोट असलेला एक माणूस या बाजाराच्या हिशेबाने बाद ठरला असता. तो पुढे दिल्लीच्या बादशहाचा कारभारी झाला. महादजी शिंदे. पानिपतावर त्यांचा पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर ३३ वर्षे ते जगले आणि त्यातला मोठा काळ मोहिमांवर, छावणीत, घोड्यांच्या सहवासात गेला.

पानिपतात नेमके काय झाले?

या कथेचा एक धागा मराठवाड्यातून जातो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या विजयानंतर मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज जालना जिल्ह्यातील परतूरहून उत्तरेकडे निघाली. तोवर शिंदे घराण्याने बरेच गमावले होते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या राणोजी शिंदे यांचे महादजी हे धाकटे पुत्र. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आणखी एक भाऊ तुकोजी गेले, आणि तरुण पुतण्या जनकोजी पकडला जाऊन मारला गेला.

संध्याकाळपर्यंत फौज फुटली. महादजी दक्षिणेच्या दिशेने निघाले. त्यांच्याखाली उत्तम दख्खनी घोडी होती. मागे एक धिप्पाड अफगाण स्वार लागला, त्याचा घोडा जड आणि बेढब. पुढचा प्रसंग जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. महादजी घोडी भरधाव सोडत, अफगाण नजरेआड होई. घोडीला दम घ्यायला थांबावे, तर तो बेढब घोडा त्याच संथ चालीने पुन्हा दिसू लागे. असे कितीतरी वेळा झाले. शेवटी थकलेली घोडी एका खंदकात कोसळली. अफगाणाने गाठून महादजींच्या गुडघ्यावर परशूचा वार केला, अंगावरचे दागिने काढले, घोडी घेतली आणि त्यांना तिथेच टाकून तो निघून गेला.

वाचवले कोणी?

राणे खान नावाच्या एका भिश्त्याने. पखाली वाहणाऱ्या बैलावर जखमी महादजींना घालून त्याने त्यांना दख्खनकडे आणले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि सेनापतिपदापर्यंत नेले. हा केवळ उपकाराचा मोबदला नव्हता. १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली परत घ्यायला महादजींनी पाठवलेल्या फौजेत राणे खान प्रमुख होता. भिश्ती म्हणून पाणी वाहिलेल्या माणसाच्या हाती एवढी जोखीम देणे त्या काळात सोपे नव्हते. महादजींची माणसांची पारख इथे दिसते.

अधू गुडघ्याने घोड्यावर बसणे कितपत अवघड?

चढण्यापासूनच अडचण सुरू होते. एक पाय रिकिबीत रोवून अंगाचा सगळा भार त्यावर घ्यायचा आणि दुसरा पाय घोड्याच्या पाठीवरून पलीकडे न्यायचा. निकामी गुडघा कोणत्याही बाजूचा असो, तो आडवा येणारच. वर बसल्यावर स्वाराची मांड मांड्या आणि गुडघ्यांच्या पकडीवर टिकते. एका बाजूची पकड ढिली झाली की तोल कमरेने आणि पाठीने सांभाळावा लागतो. घोड्यालाही हा कमी-जास्त भार लगेच कळतो, म्हणून त्यालाही नव्या स्वाराची सवय व्हावी लागते. बाजारात रवाल चालीच्या घोड्याला भाव जास्त का, हेही इथे लक्षात येईल. त्या चालीत बसणाऱ्याला हादरे कमी बसतात.

पण एकदा नीट बसले की उलटे घडते. जमिनीवर लंगडणारा माणूस घोड्यावर चार धड पायांचा धनी होतो. घोडा चालताना स्वाराची कंबर जवळपास माणसाच्या चालण्यासारखीच हलते. अपंगांसाठीच्या अश्वोपचाराचा पाया हाच आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे घोड्यावर उचलून बसवावे लागे, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. महादजींच्या काळी असे शास्त्र नव्हते, पण हा अनुभव नक्की होता.

त्या काळी घोडा म्हणजे केवळ वाहन नव्हते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. घोडा मेला की शिलेदाराची पतही जाई. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांची मुलूखगिरी उभी राहिली. लहान चणीचे, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारे हे जनावर.

त्या जखमेने महादजींना काय शिकवले?

पानिपतानंतर अनेक वर्षे त्यांच्या झोपेत तो अफगाण आणि त्याचा दुडकत येणारा घोडा येत असे, असे माल्कम सांगतो. आज याला मनावरच्या आघाताची खूण म्हटले जाईल. तरीही महादजी ही गोष्ट लोकांना सांगत राहिले. ज्या प्रसंगाने पाय घेतला तो लपवावा असे त्यांना वाटले नाही. त्या कथेत आपल्या घोडीच्या वेगाचे कौतुक आहे आणि शत्रूच्या घोड्याच्या चिवटपणाची कबुलीही आहे. घोड्यावर जीव असलेला माणूसच पराभवाची गोष्ट अशी, दोन जनावरांची शर्यत म्हणून, सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट जाणवते. पुढे १७८४ च्या सुमारास त्यांनी द बॉईन या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पायदळ आणि तोफखाना उभा केला. नुसत्या वेगाने लढाई जिंकता येत नाही, मागून संथपणे येणाराही गाठतो, हे त्यांना खंदकात पडून कळले होते. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडणे हा अर्थात आमचा तर्क. घोडदळ मात्र त्यांनी सोडले नाही.

आजारपण आले तेव्हा?

जखम जुनी झाली, पण शरीराने त्रास देणे थांबवले नाही. १७८९ मध्ये मथुरेच्या मुक्कामी महादजींच्या अंगावर गळवे उठली आणि प्रकृती फार बिघडली. हा हिंमतबहाद्दर गोसाव्याने करवलेला जादूटोणा आहे, अशी त्यांची खात्री झाली. गोसावी अलीबहाद्दरांच्या आश्रयाला गेला आणि दोन मराठा सरदारांत कायमचे वितुष्ट आले. एवढा धोरणी माणूस दुखण्यापुढे असा हतबल होऊन संशय घेतो, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत माणसासारखे पान आहे. ते सावरले. पुढच्याच वर्षी, १७९० मध्ये, त्यांच्या फौजांनी पाटण आणि मेडता या दोन मोठ्या लढाया जिंकल्या.

१७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण आणणाऱ्यांत ते होते. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्या मध्यस्थीने झाला. १७८४ मध्ये बादशहाने त्यांच्या हाती राज्याचा सर्वाधिकार दिला. एवढे होऊनही स्वतःला ते पाटीलच म्हणवत. १७९२ च्या जूनमध्ये पुण्याला आल्यावर त्यांनी तरुण पेशवे सवाई माधवरावांसमोर सर्वांत खालच्या जागी बसून बगलेतल्या गाठोड्यातून पेशव्यांसाठी नवे जोडे काढले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यातली नम्रता किती खरी आणि किती राजकारणी, यावर वाद होत राहतील. हत्तीवरून उतरून दरबारापर्यंत ते अंतर त्यांनी अधू पायाने चालून काटले होते, याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही.

त्यांच्या खुणा आज कुठे आहेत?

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत तापाने महादजींचा मृत्यू झाला. जिथे अग्निसंस्कार झाले तिथे शिंदे छत्री आहे. मराठवाड्यातली खूण बीडला आहे. महादजी ज्यांना गुरू मानत, त्या मन्सूर शाह यांचा दर्गा बीड शहरात असून शिंदे घराण्याची त्यावरची श्रद्धा त्यांच्यानंतरही टिकून राहिली. ज्या दख्खनी घोड्यांवर हे सगळे घडले, त्यांतल्या भीमथडीची अलीकडेच देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे.